शाळेत नवं अ‍ॅप आलंय, पण ते निवडलं कशावरून?

पालकसभेत सर सांगतात, "यंदापासून आपल्याकडे नवं लर्निंग अ‍ॅप." फीमध्ये एक ओळ वाढते. पण अ‍ॅप चांगलं आहे हे ठरवलं कशावरून? बऱ्याचदा नुसत्या डेमोवरून. मी रोज सॉफ्टवेअरच लिहितो, म्हणून सांगतो, डेमोत नेट कधी जात नाही आणि साठ पोरं एकदम लॉगिन करत नाहीत.

पेरू देशाचं बघा. तिथल्या सरकारने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेत गावोगावच्या मुलांना लॅपटॉप दिले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. साधारण १५ महिने झाले होते, मुलं लॅपटॉप वापरतही होती. पण गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. हजेरीही वाढली नाही. म्हणजे वस्तू पोचली आणि वापरली गेली, तरी शिकणं वाढेलच असं नाही.

आता दिल्ली. २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरची तिथे परीक्षा झाली. ६१९ मुलं, त्यातल्या साधारण निम्म्यांना लॉटरी काढून केंद्रात मोफत जागा. आपण आयटीवाले ए/बी टेस्ट करतो ना, अगदी तेच. साडेचार महिन्यांनी लॉटरी लागलेली मुलं गणित आणि हिंदी, दोन्हींत स्पष्ट पुढे. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि सॉफ्टवेअर प्रत्येकाला त्याच्या पातळीचे प्रश्न देत होतं.

गंमत पुढे आहे. ही केंद्रं शाळेच्या वेळेबाहेर चालायची, आठवड्यातून सहा दिवस. ४५ मिनिटं सॉफ्टवेअर, ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणारा माणूस. निकाल या सगळ्याचा मिळून आहे! आठवड्याला एक कॉम्प्युटर पिरियड देणाऱ्या शाळेने तोच निकाल धरून चालणं म्हणजे नुसती फोडणी खाऊन पोट भरण्यासारखं.

मग शाळेने काय करावं? विकत घेण्याआधी एक सत्र एकाच तुकडीत चालवून बघावं. आधी आणि नंतर, दोन्ही तुकड्यांना सारखीच चाचणी द्यावी. तुकड्या हुशारीवर पाडलेल्या असतील, तर मात्र ही तुलना फसते. कंपनीच्या डॅशबोर्डवर भुलू नये, त्यात मुलांनी किती मिनिटं घालवली ते दिसतं, अपूर्णांक जमले का ते नाही.

पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: चाचणी घेतली होती का, आणि तिचा पेपर कुणी काढला, बाईंनी की कंपनीने?