परसातला सुगंध

वैशाखाचे दिवस असतात. दिवसभर उन्हाने तापलेले अंगण संध्याकाळी पाणी शिंपडल्यावर हळूहळू निवू लागते. देवापुढे दिवा लागतो आणि त्याच सुमारास तुळशीवृंदावनाजवळच्या मोगऱ्याच्या आळ्यातून सुगंधाची एक झुळूक ओटीपर्यंत येऊन पोहोचते. अंधारात झुडूप नीट दिसतही नसते. परंतु ते फुलले आहे ही वार्ता घरातील प्रत्येकाला, अगदी दृष्टीने अधू झालेल्या आजीलाही, कळून चुकते. रंगाला पाहणारा डोळा लागतो आणि डोळ्याला उजेड लागतो. सुगंधाला या दोहोंचीही गरज नाही. म्हणूनच कोकणात, गोव्यात आणि घाटावरही घराभोवतीच्या चार हात जागेत सुवासिक झाडांना मानाचे स्थान मिळत आले.

फुलांना सुगंध येतो तरी कोठून? फुलांच्या पाकळ्यांत काही तेलकट द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये हवेत सहज उडून जाणारी असतात. मोगऱ्याच्या सुगंधात लिनॅलूल, बेंझिल ॲसिटेट यांसारखी अनेक द्रव्ये मिसळलेली असतात. वनस्पती हा खर्च माणसाच्या आनंदासाठी करीत नाही. तिला बी धरावयाचे असते आणि त्यासाठी एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेणारा कोणी वाहक हवा असतो. दिवसा फुलणाऱ्या फुलांना मधमाश्या आणि फुलपाखरे हे काम करून देतात. रात्री फुलणाऱ्या फुलांची भिस्त प्रामुख्याने निशाचर पतंगांवर असते. अंधारात लाल किंवा निळ्या रंगाचा उपयोग तो काय? म्हणून रातराणी, निशिगंध, जुई, पारिजातक अशी रात्री उमलणारी बहुतेक फुले पांढरी अथवा फिकट रंगाची असतात आणि आपला सारा जोर सुगंधावर देतात. त्यांचा वास दिवसापेक्षा रात्री अधिक येतो, याचे कारण हेच होय.

या व्यवहारात कधी कधी फसवणूकही होते. देवळांच्या आवारात आढळणाऱ्या पांढऱ्या चाफ्याच्या फुलात मध मुळीच नसतो. तरीही त्याच्या गोड वासाला भुलून पतंग येतात, एका फुलातून दुसऱ्या फुलात मध शोधीत हिंडतात आणि रिकाम्या पोटी चाफ्याचे काम मात्र करून जातात.

सुवासिक झाडांची निवड विचारपूर्वक केली, तर वर्षातील क्वचितच एखादा महिना सुगंधावाचून जातो. फाल्गुन-चैत्रात कोकणात आणि गोव्यात सुरंगीच्या जुन्या फांद्यांवर फुलांचे गुच्छ दाटतात आणि तिचे वळेसर बाजारात दिसू लागतात. चैत्र-वैशाखाचा राजा मोगरा. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर अनंत आणि सोनचाफा भराला येतात. श्रावणात जाई-जुईच्या वेली मांडवावर पसरतात आणि ओलसर जागी सोनटक्क्याची फुलपाखरांसारखी शुभ्र फुले उमलतात. भाद्रपदापासून पुढे पारिजातकाचा सडा पडू लागतो. हिवाळ्यात कुंदाची पाळी येते. बकुळीचे वैशिष्ट्य तर याहूनही आगळे आहे. तिची इवलीशी फुले सुकून तपकिरी झाली, तरी त्यांचा सुगंध दीर्घकाळ टिकतो. म्हणून कपड्यांच्या पेटीत आणि पुस्तकांच्या पानांत बकुळीची फुले जपून ठेवण्याची चाल पडली.

परंतु केवळ आवड पुरेशी नाही. झाडाची गरज आणि जमिनीचा स्वभाव यांचा मेळ बसावा लागतो. कोकणातील जांभ्याची तांबडी माती किंचित आम्लधर्मी असते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा चांगला होतो. तेथे अनंत खुशीने वाढतो. तेच झाड घाटावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लावले, तर त्याची पाने पिवळी पडतात आणि केवळ शिरा हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते; परंतु चुन्याच्या आधिक्यामुळे ते मुळांना शोषून घेता येत नाही. अशा वेळी माळी अधिक पाणी घालतो आणि झाडाचे दुखणे आणखीच वाढवतो. त्यापेक्षा तांबडी माती आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरून अनंत कुंडीत लावावा, हे बरे. सोनटक्क्याला सतत ओल हवी; मोगऱ्याला मात्र मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. म्हणून न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर सोनटक्क्याचे गड्डे लावावेत आणि मोगऱ्याला उंचवट्यावरची, दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा द्यावी.

मोगरा वाढवणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते, की झाड हिरवेगार आहे, परंतु फुले येत नाहीत. याची कारणे बहुधा दोन असतात. एक तर झाड सावलीत असते. नाही तर त्याला नत्रयुक्त खत आणि पाणी यांचा अतिरेक झालेला असतो. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. तेव्हा हिवाळ्यात त्याचे पाणी कमी करीत जाऊन त्याला विश्रांती द्यावी. पौष-माघाच्या सुमारास जुन्या, वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या छाटाव्यात, आळे खणून माती मोकळी करावी, चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि मग पुन्हा पाणी सुरू करावे. थोड्याच दिवसांत कोवळी फूट दिसू लागते आणि तिच्या शेंड्यांवर कळ्या धरतात. कळ्या जांभळट पडून गळू लागल्या, तर आत अळी शिरली आहे असे समजावे. अशा कळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि जरूर पडल्यास निंबोळीचा अर्क फवारावा. विषारी औषधांचा मारा करू नये. कारण त्याने अळीबरोबर मधमाश्या आणि पतंगही मरतात. ज्यांना बोलावण्यासाठी फुलाने सुगंध निर्माण केला, त्या पाहुण्यांनाच दारात मारण्यासारखे ते होय.

नवे झाड मिळवण्यासाठी प्रत्येक वेळी रोपवाटिकेत जाण्याची आवश्यकता नाही. मोगऱ्याची किंवा जाईची लवचिक फांदी वाकवून तिचा मधला भाग मातीखाली दाबून ठेवला, की काही आठवड्यांत तेथे मुळे फुटतात. यास दाबकलम म्हणतात. पांढऱ्या चाफ्याची फांदी कापून, तिचा चीक वाळू देऊन मग लावली, तर ती सहसा जगते. तो चीक डोळ्यांत वा अंगावर जाऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. निशिगंध कंदांपासून वाढतो. सोनचाफा बियांपासूनही येतो. परंतु त्याचे बी ताजे असतानाच पेरावे लागते आणि फुलांसाठी पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागते. कलम केलेले झाड लहान असतानाच फुलू लागते. ज्याला स्वतः फुले पाहावयाची आहेत त्याने कलम लावावे; ज्याला नातवंडांच्या सावलीचीही चिंता आहे त्याने बी पेरावे. दोन्ही लावणारा माणूस शहाणा समजावा.

झाड कोणत्या बाजूस लावावे, यालाही शास्त्र आहे. किनारपट्टीवर निरभ्र हवेच्या दिवसांत दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो, तर रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होत असल्याने तो जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. कोकणात समुद्र पश्चिमेस आहे. तेव्हा दिवसा दरवळणारा सोनचाफा घराच्या पश्चिमेस आणि रात्री फुलणारी जुई पूर्वेस लावली, तर वाराच त्यांचा सुगंध घरात आणून पोहोचवील. रातराणी मात्र निजण्याच्या खोलीच्या खिडकीपासून दूर असावी. तिच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखू लागते.

सुवासिक झाडांविषयी एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. रातराणीच्या आणि केवड्याच्या वासाला भुलून साप येतात, असे सांगितले जाते आणि या भीतीपोटी कित्येक भरात आलेल्या झाडांवर कुऱ्हाड पडते. वस्तुस्थिती अशी आहे, की सापाला फुलांच्या सुगंधाचे काहीच आकर्षण नसते. तो जिभेने हवेतील सूक्ष्म कण टिपतो, टाळूतील विशेष इंद्रियाने त्यांची पारख करतो आणि त्यावरून उंदीर, बेडूक, सरडे यांचा माग काढतो. दाट, ओलसर झुडपाच्या बुडाशी पालापाचोळा साचला, की तेथे किडे येतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येतो. ते झुडूप सुवासिक असो वा नसो, परिणाम एकच. तेव्हा झाड तोडण्यापेक्षा त्याचे बूड स्वच्छ ठेवावे, खालच्या फांद्या छाटाव्यात आणि उंदरांची बिळे बुजवावीत. भीतीवरचा उपाय ज्ञान हा आहे; कुऱ्हाड हा नव्हे.

आज आपली म्हणून ओळखली जाणारी सारीच झाडे मूळची येथील नाहीत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. रातराणी आणि पांढरा चाफा हेही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. अनंताचे माहेर चीनकडचे. तरीही त्यांना मराठी नावे मिळाली, देवपूजेत स्थान मिळाले आणि त्यांचे परकेपण कधीच सरले. उलट येथील पारिजातकाने परदेशी विद्वानांना मोह घातला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात राहून भारतीय औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि तो 1563 साली गोव्यातच छापला गेला. रात्री फुलून सकाळी फुले ढाळणाऱ्या या झाडाला त्यात ‘दुःखी वृक्ष’ म्हटले आहे. पुढे 1753 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने पारिजातकाला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचाही अर्थ तोच आहे. परंतु पहाटे झाडाखाली धुतलेले वस्त्र पसरून फुले गोळा करणाऱ्या मुलांना हा वृक्ष दुःखी वाटत नाही. एरवी जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहत नाहीत. पारिजातकाला मात्र ती मोकळीक आहे.

सुगंध ही केवळ हौसेची बाब आहे, असेही नाही. वसईच्या वाड्यांतून सोनचाफा आणि मोगरा भल्या पहाटे आगगाडीने दादरच्या फुलबाजारात जातो. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि विक्रमगड या भागांत अनेक आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड केली आहे. भाताचे पीक निघाल्यावर ज्यांना मजुरीसाठी गाव सोडून जावे लागत असे, त्यांतील काहींना आता घरच्या बागेतच कळ्या खुडण्याचे काम मिळते. ज्या घरातील माणसे वर्षभर एकत्र राहू शकतात, त्या घरातील मुलांची शाळाही मध्येच सुटत नाही. एका लहानशा कळीवर एवढे अवलंबून असते.

शहरांतून आता परस नाहीसे होत चालले आहे. वाड्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि अंगणातील बकुळ व पारिजातक त्यांच्या पायाभरणीत गेले. रात्रभर जळणाऱ्या प्रखर दिव्यांनी पतंग वाट चुकतात. धुराने दूषित झालेल्या हवेत सुगंधाची द्रव्ये लवकर विघटित होतात, त्यामुळे फुलांचा निरोप पूर्वीइतका दूर पोहोचत नाही, असे संशोधनातून दिसून आले आहे. ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्या नाहीशा झाल्याचे लवकर लक्षात येत नाही. सुगंधाचेही तसेच आहे. तोडलेल्या झाडाचा बुंधा डोळ्यांना दिसतो. हरपलेला गंध मात्र कोणालाच दाखवता येत नाही.

तरीही उपाय अवघड नाही. सज्जात ऊन येत असेल, तर तळाला भोके पाडलेल्या पत्र्याच्या जुन्या डब्यातही मोगरा फुलतो. जुईचा वेल खिडकीच्या गजांवर चढतो. शाळेच्या आवारात एक बकुळ लावता येते. तिच्या फुलांची वाट पाहण्यास काही वर्षे लागतील आणि ती लावणारी मुले तोपर्यंत शाळेतून बाहेर पडलेली असतील, इतकेच. पण सुगंध मालकी जाणत नाही. झाड कुंपणाच्या आत असते, त्याचा गंध मात्र रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही मिळतो. ज्याने झाड लावले त्याचे नाव त्या वाटसरूला ठाऊक नसते. तो क्षणभर थबकतो, दीर्घ श्वास घेतो आणि पुढे जातो.