लघुरूपांचे पूर्ण रूप लिहा

काही वर्षांपूर्वी चार वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील माझ्याकडे आले. सोबतच्या चिठ्ठीत निदान एवढेच होते : ‘एएसडी’. मी एट्रिअल सेप्टल डिफेक्ट, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे छिद्र, असे गृहीत धरले. तपासताना मर्मर ऐकू आली नाही. तरीही कागदावर विसंबून इकोकार्डिओग्राफी सांगितली. चार दिवस ते घर काळजीत होते. हृदय निर्दोष निघाले. लिहिणाऱ्याला अभिप्रेत होते ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, अर्थात स्वमग्नता! न विचारण्याचा दोष माझा होता.

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या मुलीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, आम्ही प्रोग्रॅममध्ये टिपा लिहितो, त्यांना कॉमेंट म्हणतात. संगणक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. पुढे प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी त्या असतात. म्हणून लघुरूप प्रथम आले की पूर्ण रूप आणि त्याचा अर्थ द्यायचा. ‘पीआयडी’ म्हणजे कुणाला प्रोसेस आयडेंटिफायर, तर यंत्रनियंत्रण करणाऱ्याला प्रपोर्शनल-इंटिग्रल-डेरिव्हेटिव्ह.” मला मात्र पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज आठवला!

आपला केसपेपरही पुढच्या वाचणाऱ्यासाठीच असतो. ‘ओडी’ म्हणजे आपल्याला दिवसातून एकदा, नेत्रतज्ज्ञाला उजवा डोळा. ‘एमएस’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट? इन्शुलिनच्या ४ या आकड्यापुढे घाईने काढलेले रोमन ‘यू’ शून्यासारखे दिसले, की ४ युनिटचे ४० होतात. मायक्रोग्रॅमचे चिन्ह मिलिग्रॅम म्हणून वाचले, तर मात्रा हजारपट होते. आणि बालकाच्या इवल्याशा शरीरात चुकीला जागाच नसते. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ साली वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी केली. तीत ‘यू’ आणि ‘एमएस’ दोन्ही आहेत. दशांशचिन्हानंतरचे अनावश्यक शून्यही त्यात निषिद्ध आहे, कारण चिन्ह पुसट झाले की १.० चे १० होतात.

व्यवसायबंधूंना म्हणूनच विनंती आहे. निदान प्रथम पूर्ण लिहावे, लघुरूप नंतर वापरावे. ‘युनिट’ व ‘मायक्रोग्रॅम’ हे शब्द कधीच तोडू नयेत. वाचणाऱ्याने शंका येताच दूरध्वनी करावा. आणि वाचकहो, आपल्या कागदावरील अक्षरांचा अर्थ डॉक्टरांना अवश्य विचारा. त्यात संकोच कसला? त्या मुलाच्या आईने तो मला विचारला असता, तर मलाही चिठ्ठी लिहिणाऱ्यास विचारावेच लागले असते.