दुपारचे दोन आणि दहा वर्षांचा रोखा

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या एखाद्या शेतकऱ्यानं हळद विकून बँकेत १०० रुपये ठेवले, तर त्यातले किमान १८ रुपये बँकेला नियमानं रोकड, सोनं किंवा सरकारी रोख्यांत ठेवावे लागतात. त्यातली बहुतांश रक्कम रोख्यांतच जाते. गावाला त्याची चाहूलही लागत नाही. त्या पैशाची काळजी वाहणारे लोक बँकेच्या मुंबईतल्या ट्रेझरीत, म्हणजे पैसा गुंतवणाऱ्या विभागात, बसलेले असतात.

त्यांचा एक दिवस घ्या, ४ मे २०२२. आदल्या दिवशी ईदची सुट्टी होती. व्याजदर वाढणार हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण पतधोरणाची पुढची बैठक जूनमध्ये होती. अचानक निरोप आला, दुपारी दोनला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास बोलणार. रेपो दर ४ वरून थेट ४.४० टक्के झाला. दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड, म्हणजे परताव्याचा दर, ७.१२ वरून ७.३८ टक्क्यांवर गेलं आणि त्याच्या उलट दिशेनं शंभरामागे सुमारे पावणेदोन रुपयांनी भाव पडला. १०० कोटींची पोझिशन धरून बसलेल्याचे पावणेदोन कोटी तासाभरात गेले.

ज्यांनी आधीच लांब मुदतीचे रोखे विकून ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत पैसा आणला होता, ते त्या दिवशी वाचले. पण त्याआधीचे त्यांचे दिवस कुणी विचारत नाही. बिलावर जेमतेम ४ टक्के, रोख्यावर ७ च्या वर. वाट पाहण्याचं हे भाडं रोज भरायचं आणि वरून साहेबांचा प्रश्न, "पैसा झोपवून का ठेवलाय?" या धंद्यातलं खरं धैर्य मला तिथे दिसतं.

६ जून २०२५ ला उलटं घडलं. बाजाराला पाव टक्क्याच्या कपातीची अपेक्षा होती. गव्हर्नर संजय मल्होत्रांनी अर्धा टक्का दिला, बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोकडीचं प्रमाण म्हणजे सीआरआरही टप्प्याटप्प्यानं एक टक्क्यानं कमी केला. स्क्रीनवर भाव उसळले. पण त्याच निवेदनात धोरणाची भूमिका 'तटस्थ' झाली होती, म्हणजे पुढच्या कपातीला फारशी जागा उरली नव्हती. ते ध्यानात येताच लांब मुदतीच्या रोख्यांत विक्री सुरू झाली. दर उतरणार हा अंदाज बरोबर आणि ३०-४० वर्षांचे रोखे घेतलेला माणूस तरी तोट्यात. दोन-तीन वर्षांचे कागद घेतलेले मात्र फायद्यात राहिले.

म्हणूनच जाणता ट्रेझरी प्रमुख डीलरला "दर कुठे जाणार?" एवढंच विचारत नाही. "बाजारानं त्यातलं किती आधीच भावात धरलंय, आणि आपण चुकलो तर किती जाईल?" हे तो आधी विचारतो.