दुसऱ्या खेपेची घाई

एरवी गर्भाशयाचं वजन जेमतेम ६०-७० ग्रॅम. दिवस भरेपर्यंत तेच सुमारे एक किलोचं होतं! नवल पुढेच आहे. ज्या स्नायूंनी नऊ महिने बाळाला निवांत सांभाळलं, त्यांच्या पेशी शेवटी शेवटी एकमेकींशी सूक्ष्म पुलांनी जोडल्या जातात. आता एका पेशीतला इशारा सगळ्यांपर्यंत पोचतो आणि अख्खं गर्भाशय एकदम आवळतं. हीच कळ. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबलं गेलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्याने कळ वाढते, कळेने दाब वाढतो, दाबाने पुन्हा ऑक्सिटोसिन.

पहिलटकरणीचं गर्भाशयाचं तोंड बहुधा आधी पातळ होतं, मग उघडतं. दुसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरच होतं. म्हणून पहिल्या वेळी ज्याला अख्खी रात्र लागली, ते आता थोडक्या तासांत उरकू शकतं.

खुणाही बदलतात. पहिल्या वेळी बाळाचं डोकं अनेकदा दोन-चार आठवडे आधीच कटिरात उतरतं. दुसऱ्या वेळी ते कळा सुरू होईपर्यंत वरच राहू शकतं. त्यामुळे ‘पोट कुठे उतरलंय अजून?’ हा घरातल्यांचा अंदाज फसतो. खोट्या कळा मात्र या खेपेला लवकर जाणवतात.

खरी कळ ओळखायला पोटावर हात ठेवा आणि घड्याळ बघा. पोट कडक होतं, मग सैल पडतं. खोटी कळ कशीही येते. थोडं चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की विरते. खरी बहुधा कंबरेतून पुढे येते, विरत नाही. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. रक्ताची छटा असलेला चिकट स्राव ही आणखी एक खूण. अंगावरून पाणी गेलं, तर कळा नसल्या तरी निघायचं.

शरीर घाई करतं, रस्ता करत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दुर्गम भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत म्हणूनच ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाईने तिथे येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस आणि थोरलं लेकरूही. ‘लेकराला कोणाकडे ठेवू?’ या विचाराने दुसऱ्या खेपेच्या बाईचा पाय घरातून निघत नाही. इथे त्याचीही सोय आहे.

खूप रक्त जाणं, हिरवट पाणी, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, ३७ आठवड्यांआधी कळा, किंवा आधीचं सिझेरियन असताना सुरू झालेल्या कळा: यांत घड्याळ बघत बसूच नये. एरवीही दुसऱ्या खेपेला कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या की आशाताईंना सांगा, १०२ किंवा १०८ ला फोन लावा. कळा खोट्या निघाल्या तर परत येता येतं. म्हणून संकोच न करता निघा.