रेड वाईनसोबत मासा कडवट लागला? दोष दरवेळी माशाचा नसतो!



गिऱ्हाईक हॉटेलात मासळीसोबत रेड वाईन घेतं अन् म्हणतं, "मासा वासाचा हाय, तोंडात लोखंडाची चव येतेय." बोल लागतो आपल्या मालाला. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

२००९ साली जपानमधल्या संशोधकांनी अनेक वाईन शिंपल्याच्या मांसासोबत चाखून बघितल्या. ज्या वाईनमध्ये लोह जास्त, तिथं मासळीचा उग्र वास जास्त. लोह आणि माशाची चरबी एकत्र आली की हा वास तयार होतो. मासा शिळा झाला की चरबी खवट होते, मग त्रास आणखी वाढतो. म्हणून जाळ्यातून काढल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत बर्फ सोडायचा न्हाई.

आता आपल्या जवळची वाईन बघा. सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज नीरा नदीकाठी हाय. ही नीरा पुढं नरसिंहपूरला भीमेला मिळते अन् तीच भीमा पंढरपूरवरून अफजलपूर, गाणगापूरकडं येते. अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची 'सेट्टे' ही रेड वाईन सँजिओवेसे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों या द्राक्षांची. सँजिओवेसे मूळ इटलीचं, चवीला आंबटसर. कॅबर्ने तुरट, कच्च्या सुपारीसारखं जिभेला ओढणारं.

मग कशासोबत काय?

▪ मरळ: चरबी कमी, मांस घट्ट. टोमॅटो-चिंचेचा रस्सा केला तर आंबटाला आंबट जुळतं.
▪ चिलापी: रवा लावून कुरकुरीत तळा, मीठ बेताचं. मिठानं तुरटपणा कमी वाटतो.
▪ कटल्याचं पोट, सुकट, बोंबील: चरबी नायतर वास जास्त. रेड वाईन टाळा.
▪ मटण रस्सा, ज्वारीची भाकरी, भरली वांगी: तुरट वाईनची खरी जोडी हीच. मटणाची चरबी तुरटपणा मऊ करते.
▪ झणझणीत तिखट: वाईननं जाळ आणखी वाढतो. मिरची निम्मी करा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेड वाईन अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच द्यावी. गरम वाईनमध्ये दारूचा भपकाच जास्त येतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. वाईन म्हणजे सरबत न्हाई. साधारण १३ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे ३० मिलीच्या पेगाच्या हिशोबानं व्हिस्कीचे दीड पेग. पिऊन नावेत चढू नका, जाळं टाकायला जाऊ नका. धरणाचं पाणी शांत दिसतं, पण पाय घसरला अन् जाळ्यात अडकला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो.

अन् पुढच्या वेळी हॉटेलवाला मासळीला नाव ठेवेल, तेव्हा पहिलं विचारा: "सोबत प्यायला काय दिलं होतं, मालक?"