रॉयल ऑपेरा हाऊस: गॅलरीपर्यंत पोहोचणारा आवाज

मुंबईच्या चर्नी रोड परिसरातील रॉयल ऑपेरा हाऊस हे भारतात टिकून राहिलेले एकमेव ऑपेरागृह असून, मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांच्या पुढाकाराने उभारल्या जाणाऱ्या या वास्तूचे उद्घाटन, बांधकाम अपुरे असतानाच, 1911 मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. ऑपेरा म्हणजे मुख्यतः गायनातून उलगडणारे युरोपीय नाट्य. परंतु या रंगमंचाला खरा जिव्हाळा लाभला तो मराठी संगीत नाटकाचा, ज्यात गद्य संवाद आणि रागदारीवर बेतलेली पदे एकमेकांना पुढे नेतात.

प्रेक्षागृहाची रचना म्हणजे तत्कालीन समाजाची उतरंडच होती: दाराशी बग्ग्या सहज याव्यात अशी दर्शनी बाजूची आखणी, धनिकांसाठी बॉक्स म्हणजे खासगी कक्ष, आणि सर्वांत वर गॅलरी. छत मात्र अशा बेताने घडवले होते की गॅलरीतल्या श्रोत्यालाही प्रत्येक शब्द आणि स्वर ऐकू यावा. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात ही सोय केवळ तांत्रिक नव्हती. स्वस्त तिकिटावर आलेल्या रसिकालाही गाण्यातली बारीक हरकत तिच्यामुळेच मिळत असे, आणि या वास्तूचे मोठेपण झुंबरांपेक्षा या छतात अधिक आहे.

बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्यासारखे संगीत नाटकातले गायक-नट येथे गायले.

बोलपटांच्या लाटेत 1930 च्या दशकात ऑपेरा हाऊसचे चित्रपटगृह झाले आणि बाजूचे बॉक्स काढून टाकण्यात आले. 1952 मध्ये गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली, 1993 मध्ये ती बंद पडली, आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर 2016 मध्ये पुन्हा उघडली. जीर्णोद्धारात हे बॉक्स पुन्हा उभारले गेले, ते योग्यच झाले. कारण कोण कुठे बसत असे हे दिसल्याखेरीज त्या छताने कोणते अंतर मिटवले, हे प्रेक्षकाला उमगत नाही.