दिव्याखालच्या रोपाची पाने छाटावीत का?

रोह्यात जून लागला की आमच्या चाळीतल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. एका बाजूला दुसऱ्या चाळीची भिंत, दुसऱ्या बाजूला पावसासाठी गॅलरीला बांधलेली ताडपत्री. अशा घरात अंगण कुठले नि बाग कुठली? तरीही आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत ओट्याशेजारी, एलईडी ट्यूबखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यांतून पुदिना, मिरची, मनीप्लँट वाढताना दिसतात. धाटावच्या कारखान्यात पाळी करून आलेल्या माणसाला घरात हिरवे पान दिसावे, ही काही चैन नव्हे.

परवा शेजारच्या वहिनींनी विचारले, "भाऊ, खालची पानं खुडली की रोप जोरात वाढतं म्हणतात. खुडू का?" आम्ही घाईघाईने नको म्हणालो. गेल्या पावसाळ्यात 'वरच्या पानांना जोर मिळेल' या ऐकीव समजुतीने आम्हीच मिरचीच्या दोन रोपांची निम्मी पाने कात्रीने उतरवली होती. पंधरा दिवसांत आलेली फुले गळून पडली, शेंडा काडीसारखा झाला. ती रोपे आमच्या धाकट्या मुलीने बी पेरून वाढवली होती. तिने दोन दिवस आमच्याशी अबोला धरला.

हिशेब ठेवणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा, पण झाडाचा जमाखर्च आम्ही पाहिलाच नव्हता. पान हा झाडाचा कमावता हात. झाडाचा हिरवा भाग उजेडातच प्राणवायू सोडतो, हे यान इंगेनहाउझ या डच डॉक्टराने १७७९ साली प्रयोगाने दाखवले. (हेच गृहस्थ देवी टोचण्याबद्दलही प्रसिद्ध होते.) उजेडात पान साखर तयार करते आणि त्यावरच मूळ, खोड, फूल पोसले जाते. आता बाहेरच्या कडक उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. आपल्या ट्यूबखाली, हातभर अंतरावर, दोन हजारही पोचत नाही. बाहेरच्या झाडाची चार पाने गेली तरी ते निभावून नेते. घरातल्या रोपाची मिळकतच तुटपुंजी, त्यात कमावते हात आपणच कापायचे!

यावर कोणी म्हणेल, जळगावकडे केळीची ऊतीसंवर्धित रोपे बंद खोलीत दिव्याखालीच वाढवतात आणि तिथे तर कोंबांची पाने पात्याने छाटतात. खरे आहे. पण बाटलीतल्या त्या कोंबाला खाली तयार साखर वाढलेली असते, लिटरमागे साधारण ३० ग्रॅम. त्याला पानाच्या कमाईवर जगायचे नसते. आपल्या डब्यातल्या मातीत साखर कुठून येणार?

मग कात्री लावूच नये का? सडलेले, काळे डाग पडलेले, ओल्या मातीला टेकलेले पान जरूर काढावे, नाहीतर बुरशी पसरते. पिवळे पडू लागलेले पान मात्र ओढून तोडू नये. झाड त्यातला नत्र काढून नव्या पानांना देत असते. ते काम संपले की पान बोट लावताच सुटते. हिरव्या पानाला काही करायचेच असेल तर आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावे. फोडणीचा चिकट थर आणि धूळ यांनीच निम्मा उजेड अडतो की काय, असे कधी कधी वाटते.

पुदिन्याची गोष्ट वेगळी. तो खाण्यासाठीच लावलेला. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडला की त्या बेचक्यातून दोन फुटवे येतात. मात्र एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नये. लांबलचक वाढलेल्या मनीप्लँटचा वेलही असाच पेरावर कापावा आणि तुकडा पाण्यात ठेवावा, त्याला मुळे फुटतात.

रोप बारीक नि उंच होत असेल तर तो उजेड कमी पडल्याचा दोष, पानांचा नव्हे. आम्ही आता ट्यूब सुतळीने बांधून रोपांच्या वर वीतभर अंतरावर आणली आहे. २० वॅटची ट्यूब रोज १४ तास लावली तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आत भागते. रात्री ती बंद ठेवतो.

मुलीने मिरची पुन्हा पेरली आहे. सध्या सहा पाने आहेत. कात्री तिने आपल्या दप्तरात ठेवली आहे आणि ती मागितली की आधी कशाला हवी ते विचारते.